कोसमटोल्याचा खांब

रिकाम्या खोलीत बल्ब जळताना दिसला की प्रफुल खोब्रागडेचा हात आपोआप बटनाकडे जायचा. ही खोड बापाकडून आलेली. गडचांदूरला सिमेंट कारखान्याच्या मागच्या वस्तीत, जिथं दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावरही संध्याकाळपर्यंत पांढरी धूळ बसते, तिथं पत्रू खोब्रागडे हयातभर बटनं बंद करत फिरला. बायको चुलीपुढून उठून पाणी आणायला गेली तरी तेवढ्या वेळात हा स्वयंपाकघर अंधारात टाकायचा. फक्त भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली एक बोटाएवढा बल्ब होता, त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. घर कुलूप लावून चार दिवस गावाला गेलं तरी तो चालू. लहानग्या प्रफुलनं एकदा विचारलं होतं, "बाबा, कोणीच पाह्यत नाई तर काऊन जाळून ठेवता?" पत्रू म्हणाला, "पाहणाऱ्यासाठी नाई तो."

प्रफुलनं बटनं बंद करणं तेवढं उचललं.

कारखान्यात ठेकेदाराकडे अठरा वर्षं वायरमनकी केल्यावर, सेहेचाळीसाव्या वर्षी, त्याला गडचिरोलीच्या जंगलात मोबाईलच्या खांबांची राखण मिळाली. बायको संघप्रिया गडचांदूरलाच राहिली, तिची अंगणवाडी होती. हा येरनगुड्यात एक खोली घेऊन राहू लागला आणि रोज सकाळी टेकडीवरच्या बॅटरीघरात जाऊन बसू लागला.

येरनगुडा म्हणजे त्या खोऱ्यातलं बाजाराचं गाव. आरोग्य केंद्र तिथंच, आश्रमशाळा तिथंच. बाकीची तीन गावं, मुरूमपार, तोडेगुडा आणि कोसमटोला, डोंगराच्या घड्यांत दडलेली. एकच उंच टॉवर उभा करून त्यांच्यापर्यंत आवाज पोचला नसता. म्हणून कंपनीनं वेगळी अक्कल लढवली. मेंदू टेकडीवर एका खोलीत ठेवला आणि कान-तोंड गावोगावी पाठवलं. येरनगुड्यात दोन खांब, बाकी तीन गावांत एकेक. प्रत्येक खांबावर टिफिनच्या डब्याएवढी पेटी नि अँटेना, आणि टेकडीपासून तिथवर एक जाड केबल. बोलणंही तिच्यातूनच जायचं, वीजही तिच्यातूनच. पाची खांब मिळून एकच टॉवर म्हणा ना.

केबल टाकायला प्रफुलला जो माणूस मिळाला तो कोसमटोल्याचा कोलू. माडिया गोंड, पन्नाशीकडे झुकलेला, बोलायला कमी आणि चालायला वाऱ्यासारखा. तो पुढं, प्रफुल मागं. जिथं पायवाटेला फाटे फुटत तिथं कोलू नको असलेल्या फाट्यावर एक हिरवी डहाळी तोडून आडवी टाके आणि मागं न पाहता पुढं निघून जाई. पहिल्या दिवशी प्रफुल डहाळी ओलांडून सरळ गेला आणि तास-दीड तास वेळूच्या बनात फिरत राहिला.

कोलूनं शोधून आणला तेव्हा एवढंच म्हणाला, "दादा, डहाळी पडली म्हंजे हा रस्ता नाई. एवढं तं पोट्ट्याईलेबी समजते."

कोसमटोला म्हणजे तेवीस घरं. खांब उभा राहिला त्या दिवशी कोलूची बायको बुधरी तुंब्यातून आंबील घेऊन आली. उभ्या खांबाकडे मान वर करून तिनं बराच वेळ पाहिलं.

"हा काय खाते, भाऊ?"

"वीज खाते, बाई."

"कोणी बोललं म्हंजे खाते का?"

"नाई. कोणी नाई बोललं तरी खाते. थोडी कमी, पण खाते."

"म्हंजे माह्या घरवाल्यासारखा हाय," बुधरी म्हणाली, "बसल्या जागीबी खाते." आणि कोलूसकट सगळे हसले.

त्या संध्याकाळी गोटुलापुढं, गावाच्या बैठकीच्या घरापुढं, गाव जमलं आणि प्रफुलनं दोन गोष्टी समजावून सांगितल्या. गावात लाइट नव्हती. शाळेच्या छपरावर एक सोलरची पाटी होती, तिच्यावर एका वेळी दोन फोन चार्ज व्हायचे. म्हणून त्यानं सांगितलं, "फोन बंद ठेवत जा. काम पडलं तवाच चालू करजा. आठ-आठ दिवस चार्जिंग पुरते." दुसरी गोष्ट खांबावरच्या बारीक हिरव्या दिव्याची. "तो दिवा गेला तं घाबरू नका. दहा मिनिटं थांबजा. आपसूक येते." आणि ते खरंच होतं. वीज इकडची तिकडं झाली की पेटी एकदा झोपून उठे, तेवढ्यात दहा मिनिटं जात.

कोसमटोल्यानं दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. माणूस भला असला की त्याचं ऐकायचं, असं ते गाव होतं. एकोणीस फोन होते, एकोणीसही बंद. कोणी तांदळाच्या डब्यात ठेवला, कोणी वळचणीला खोचला. महिना-पंधरा दिवसांत कोणाला तरी काम पडायचं, तेवढ्यापुरता एक फोन जागा व्हायचा.

दीड वर्ष असं निभावलं. त्या दीड वर्षात दोनदा अडलेल्या बाईसाठी कोसमटोल्यातून फोन गेला आणि दोन्ही वेळा गाडी नाल्यापर्यंत आली. मग गावाची सवय बदलली. आधी कोणी आजारी पडलं की कोणी कोणाला न विचारता बाज उलटी करायचे, दोऱ्या बांधायचे आणि चार माणसं खांदा देऊन नऊ किलोमीटर येरनगुड्याकडे निघायची. आता आधी खांबाखाली जाऊन फोन करायचा, मग बाज नाल्यापर्यंत न्यायची, असं ठरलं. बरंच होतं ते. कोणीही तेच केलं असतं.

यंदा आषाढाच्या शेवटी आठ दिवस सूर्य दिसला नाही. टेकडीवर येणारी विजेची लाइन दुसऱ्याच दिवशी झाड पडून तुटली होती आणि नाले भरल्यामुळे लाइनमन येऊ शकत नव्हते. सोलरच्या पाट्या धुऊन निघाल्या होत्या, पण त्यांच्यावर ऊनच नव्हतं. बॅटरी रोज उतरत होती. एकसष्ट टक्के. बावन्न. त्रेचाळीस. नवव्या दिवशी सकाळी अडतीस.

चाळीसच्या खाली गेलं की काय करायचं ते कंपनीनं लिहून दिलं होतं. ज्या खांबावर सगळ्यात कमी फोन, तो दहा ते चार बंद करायचा. चंद्रपूरच्या ऑफिसातून रिना मॅडमचा फोन आला. वय सत्तावीस, बोलणं नीट, प्रफुलला नेहमी भाऊ म्हणायची.

"खोब्रागडे भाऊ, खांबांची यादी उघडलीत का?"

"समोरच हाय मॅडम. येरनगुडा एकशे चाळीस. मुरूमपार एकतीस. तोडेगुडा आठ."

"आणि कोसमटोला?"

"शून्य."

"आठवडाभर?"

"अकरा दिवस झाले."

तिच्याकडेही यादी होती. प्रत्येक खांबानं खाल्लेली वीज त्याच्यावरच्या माणसांनी भागून किती येते, यावर वर हिशेब विचारला जायचा. "त्याचा भागाकारच होत नाहीये," ती म्हणाली. "खाली शून्य आहे. भाऊ, पाची चालू ठेवले तर उद्या दुपारपर्यंत सगळंच बसेल. आज येरनगुड्याचा बाजार आहे, तिथला दुसरा खांब काढला तर गर्दीत कोणाचाच फोन लागणार नाही. आरोग्य केंद्राचासुद्धा."

"ते तं खरं हाय."

"तोडेगुडा बंद केला तर?"

"तोडेगुड्याचे आठ मुरूमपारचा खांब ओढून घेते, जरा जोर लावून. निदान निम्मे. पण तिथं माणसं बोलून राह्यली ना मॅडम. चालू बोलण्यातून कसं तोडावं?"

"मग कोसमटोला."

प्रफुल यादीकडे पाहत राहिला. कोसमटोल्याच्या आणि बाकीच्या खांबांच्या मधे डोंगर होता. तो बंद झाला तर तिथला फोन कोणीच ओढून घेऊ शकणार नव्हतं. आणि शून्य म्हणजे माणसं नाहीत असं नव्हे, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? बंद ठेवा म्हणून त्यानंच सांगितलं होतं. हे मॅडमला सांगावं असं त्याच्या ओठापर्यंत आलं. पण अकरा दिवसांत एकही फोन नाही; सहा तासांत काय होणार आहे, आणि रिकाम्या खोलीत बल्ब जळून राह्यला, असंही त्याला आतून वाटलं. कोसमटोल्याला जाऊन सांगून यावं म्हटलं, तर नाल्याला कमरेएवढं पाणी आणि जाऊन येईपर्यंत चारच वाजले असते.

"करतो बंद," तो म्हणाला.

दहाला त्यानं कोसमटोल्याचं बटन खाली केलं. बॅटरीचं उतरणं लगेच मंदावलं, आकड्यात दिसलं. त्याला बरं वाटलं. हे त्यानं पुढं कोणाला सांगितलं नाही, पण बरं वाटलं होतं.

दिवसभर यादीवर लक्ष ठेवून त्यानं डबा खाल्ला. बाजारात एकशे ऐंशी फोन झाले आणि दोन्ही खांबांनी ते पेलले. तीनच्या सुमाराला ढग जरा पातळ झाले. चारला त्यानं बटन वर केलं. पेटी जागी व्हायला वेळ लागतो. चार वाजून आठ मिनिटांनी कोसमटोल्यापुढचा शून्य गेला आणि एक आला.

"अरे वा," प्रफुल एकटाच बोलला. अकरा दिवसांनी कोसमटोला बोलणार होता. आकडा हलला की त्याला नेहमीच हुरूप यायचा.

मग त्याचाच फोन वाजला.

"दादा," कोलू म्हणाला. "जोहार."

"जोहार. काऊन रे, कसा काय चालू केला फोन?"

"सकाळपासून चालूच हाय."

प्रफुलनं हातातलं डब्याचं झाकण खाली ठेवलं.

"बुधरी गेली," कोलू म्हणाला. "तुले सांगा म्हटलं."

तिसऱ्या दिवशी नाला उतरल्यावर प्रफुल कोसमटोल्याला गेला. गावाबाहेर जिथं मेलेल्यांच्या नावाचे दगड उभे असतात तिथली माती अजून ओली होती. बुधरीचा दगड अजून यायचा होता. कोलू घराच्या ओट्यावर वेळूच्या काड्या सोलत बसला होता. त्यानं सरकून जागा दिली. सून आतून पाण्याचा गडवा ठेवून गेली.

कोलूनं सांगितलं ते असं. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू होता. बुधरी बांधीतल्या चिखलात पऱ्हे, धानाची रोपं, लावत होती, अकराच्या आसपास. बांधावर ठेवलेली पऱ्ह्याची जुडी उचलायला हात घातला आणि खाली नाग. मनगटावर दोन ठिपके. पोट्टे धावत मंत्र-औषध करणाऱ्या पुजाऱ्याकडे गेले, तर पुजारीच म्हणाला, माह्यापाशी वेळ घालवू नका, फोन करा, येरनगुड्यात सुई हाय. तिला उचलून खांबाखाली आणलं. फोन चालू केला. वर पाहिलं तर हिरवा दिवा नव्हता.

"तू म्हणला होता दहा मिनिटं," कोलू म्हणाला.

प्रफुलनं पाण्याचा गडवा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"दहा मिनिटं झाली. मंग पुजारी म्हणे अजून दहा पाहू. फोनवाला माणूस खोटं नाई सांगत. मी म्हटलं बाज बांधू का. बुधरीच म्हणे, थांबा ना, येते दिवा, एवढ्या चिखलात मले कायले हलवता. बोलत होती तवा चांगली. मंग पापण्या जड झाल्या. मंग बोलणं बोबडं झालं. तवा बांधली बाज." त्यानं काडी बोटावर वाकवून पाहिली, मोडली नाही. "दीड वाजला असन. नाल्याच्या अल्याडच संपलं. अकरालेच निघालो असतो तं दोनच्या आत येरनगुडा होता. नाल्यातबी खांदे लावले असते पोट्ट्याईनं, पोहणारे हायेत."

"मी बंद केला होता तो," प्रफुल म्हणाला. "मी. बॅटरी उतरली होती. यादीत तुमचं शून्य होतं."

"शून्य कसं? तेवीस घरं हाय ना."

"ते फोन मोजते. चालू असलेले."

कोलूनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर प्रफुलला सोपं गेलं असतं. तो समजून घ्यायचा प्रयत्न करत होता, जसा त्यानं केबलचे जोड समजून घेतले होते, एकेक.

"बंद ठेवा म्हणून तूच म्हणला होता."

"व्हय."

"आन बंद ठेवले म्हणून आमी नाई."

"व्हय."

कोलूनं हातातली काडी सोलून बाजूला ठेवली. मग उठला. "चाल," म्हणाला.

खांबाला कमरेच्या उंचीवर मोहाच्या सालीची दोरी गुंडाळली होती आणि दोरीला पोलिथिनच्या पिशव्या बांधल्या होत्या. प्रत्येक पिशवीत एक फोन. एकोणीस. सगळ्यांचे दिवे चालू. एक पोरगी शाळेच्या छपराकडून दोन फोन घेऊन आली, दोन पिशव्या सोडल्या, दोन बांधल्या आणि सोडलेले घेऊन परत गेली. पाळ्या लावल्या होत्या. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत.

"आता मोज," कोलू म्हणाला.

त्या रात्री खोलीवर प्रफुलनं दिवा बंद केला नाही. संघप्रियाला फोन लावला, पण सांगता आलं नाही. ती विचारत राहिली, जेवले का, जेवले का.

रिना मॅडमला मात्र त्यानं सगळं सांगितलं. बंद ठेवायला सांगितलेलं, दहा मिनिटांचं, सगळं.

"भाऊ, हे तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं असतं तर," ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "नाही. मीही विचारायला हवं होतं. अकरा दिवस शून्य म्हणजे काय, एवढं तरी." आणखी थोड्या वेळानं, "रिपोर्टात काय लिहू? पावसामुळे बंद पडला असं लिहिता येईल."

"पावसानं नाई पडला. नियमानं बंद केला, मी केला, तसंच लिहा."

"तुमच्यावर येईल ते."

"येऊ द्या."

तिनं तसंच लिहिलं. वरून उत्तर आलं की नियम पाळला गेला आहे, चूक आढळत नाही. प्रफुलवर काहीच आलं नाही. तो उत्तराचा कागद मोबाईलवर त्यानं तीनदा वाचला. कोणी रागावलं असतं, पगार तोडला असता, तर त्याला कुठं तरी टेकायला जागा झाली असती.

पाऊस काही थांबला नाही. लाइन जोडली गेली, चार दिवस चालली, पुन्हा तुटली. श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात बॅटरी परत एकोणचाळीसवर आली. प्रफुलनं यादी उघडली. येरनगुडा एकशे पस्तीस. मुरूमपार अठ्ठावीस. कोसमटोला एकोणीस, जिथं एक माणूसही बोलत नव्हतं, नुसत्या पिशव्या लटकत होत्या, आणि त्या एकोणीस फोनांची हजेरी घेत पेटी आधीपेक्षा जास्तच वीज खात होती. सगळ्यात खाली तोडेगुडा. सात.

"दुसरा काही मार्ग नाई का?" त्यानं चंद्रपूरला फोन लावून विचारलं.

"वाढीव बॅटरी मागितली आहे," रिना मॅडम म्हणाली. "मंजूर झाली तर दिवाळीनंतर. कोसमटोल्याचे फोन खोटे आहेत असं मी वर सांगू शकते, भाऊ. मग परत तोच खांब बंद होईल. सांगू?"

"नका सांगू."

"मग तोडेगुडा."

"तोडेगुडा. पण दहाले नाई. मी बाराले करीन."

"का?"

"मले तिथं चालत जायचं हाय."

तोडेगुडा टेकडीपासून पाच किलोमीटर. पायवाट सगळी चिखल झाली होती. जाताना प्रफुल डाव्या-उजव्या फाट्यांकडे पाहत चालला, एका फाट्यावर कोणाची तरी वाळलेली डहाळी आडवी पडली होती, ती त्यानं ओलांडली नाही.

तोडेगुड्याच्या खांबाजवळचं पहिलं घर केसरबाईचं. म्हातारी, पायानं अधू, पण गावात शब्दाला मान. ओसरीवर टोळंबी, मोहाच्या बिया, फोडत बसली होती.

"आज बाराले खांब बंद करून राह्यलो, बाई. चारले परत चालू करीन." तो उभ्यानंच बोलला. "आख्या गावाले सांगा. कोणाले काही झालं, साप लागला, ताप चढला, बाई अडली, तं खांबाखाली उभं राहू नका. एक मिनिटबी नाई. सरळ बाज उचला आन निघा."

केसरबाईनं हातातला दगड खाली ठेवला. कोसमटोल्याचं तिला कळलं होतं. खोऱ्यात अशी गोष्ट फोनाशिवायच पोचते.

"म्हंजे आता आमचा नंबर," ती म्हणाली.

"व्हय बाई."

"आमी किती हावो तुह्या त्या यादीत?"

"सात."

"आन चालू ठेवायले किती लागते?"

"ते ठरलेलं नाई," प्रफुल म्हणाला. "कोण्यातरी दुसऱ्या गावापेक्षा एक जास्त."

केसरबाईनं दगड परत उचलला आणि टोळंबी फोडू लागली.

प्रफुलनं ऐनाची एक हिरवी डहाळी तोडली. खांबाला छातीच्या उंचीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी आडवी बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. घड्याळात साडेदहा झाले होते. टेकडीवरून बटन दाबायला त्याला अजून पाच किलोमीटर परत जायचं होतं. पाऊस वाढला होता. वर हिरवा दिवा चालू होता, आणि खाली फोन हातात धरून कोणी उभं नाही ना, हे त्यानं वळणावरून एकदा मागं वळून पाहिलं.